टायनी हाउस आणि कंटेनर हाउस: एकाचे गुण-दोष दुसऱ्याच्या नावावर नकोत

गेल्या महिन्यात कोरेगाव तालुक्यातलं एक जोडपं नकाशासाठी आलं. पुण्यातली नोकरी संपली, आता गावठाणातल्या स्वतःच्या जागेवर राहायला यायचं ठरलंय. वहिनींनी मोबाइल पुढे केला. "ताई, हे टायनी हाउस आम्हाला पाहिजे. किती दिवसांत बसवून मिळेल?" फोटोत निळा शिपिंग कंटेनर होता. एका बाजूनं कापून काचेचं दार बसवलेलं, समोर लाकडी ओटा, ओट्यावर दोन खुर्च्या. मी विचारलं, "तुम्हाला छोटं घर हवंय की कंटेनरचं घर?" दोघं एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्या लेखी ते एकच होतं.

मी अठरा वर्षं साताऱ्यात घरांचे नकाशे काढते आणि हा घोळ हल्ली सतत समोर येतो. कोणी म्हणतं, छोट्या घरात फार उकडतं. कोणी म्हणतं, छोटं घर बरं, उद्या उचलून दुसरीकडे नेता येतं. यातली पहिली तक्रार पत्र्याची आहे आणि दुसरी सोय क्रेनची. छोटेपणाशी दोन्हींचा संबंध नाही. टायनी हाउस म्हणजे घराचं माप. कंटेनर म्हणजे घराचं साहित्य. विटांचं घर छोटं असू शकतं, आणि चार कंटेनर जोडून बंगलाही होऊ शकतो.

आधी मापाचं बघू. हा शब्द अमेरिकेतून आला. तिथल्या घरबांधणीच्या २०१८ च्या आदर्श नियमावलीत पोटमाळा सोडून ४०० चौरस फूट किंवा त्याहून कमी जागेच्या घराला टायनी हाउस म्हटलंय. आता आपल्याकडे या. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान माप २५ चौरस मीटर आहे, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट, आणि त्यात स्वयंपाकाची जागाही धरलेली आहे. तिथे ज्याला नवलाईचं छोटं घर म्हणतात, त्याहून लहान घरात आपल्याकडची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. माझ्या आजोळी, खटाव तालुक्यात, घर खणांत मोजायचे, खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. आमचं तीन खणी होतं. माणसं नऊ.

त्या घरात अडचण होती, पण ते घर फक्त भिंतींच्या आत नव्हतं. पुढे पडवी, मग अंगण, अंगणात चूल. उन्हाळ्यात निजायचं बाहेर, वाळवण बाहेर, पाहुणे पडवीत. छोटं घर चालतं ते बाहेरच्या जागेच्या जिवावर, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. फोटोतल्या ओट्यावर दोन खुर्च्या दिसतात. पण वर्षाची ज्वारी कुठे ठेवणार, गाद्यांची चवड कुठे रचणार, जत्रेला आलेली बारा माणसं कुठे बसणार, ते फोटोत दिसत नाही. सांगली भागात घरच्या हळदीचं एखादं पोतं तरी कोपऱ्यात असतंच. आधी त्या पोत्याचा कोपरा ठरवावा, मग सोफ्याचा.

छोटेपणाचे खरे फायदे मी स्वतः अनुभवलेत. अकरा वर्षं आम्ही साताऱ्यातल्या गोडोलीत २८० चौरस फुटांत काढली. केर-फरशी वीस मिनिटांत उरकायची. विजेचं बिल कमी, रंगाचा खर्च कमी, आणि मुख्य म्हणजे कर्जाचा बोजा नव्हता. घेताना प्रत्येक वस्तूचा विचार व्हायचा, कारण ती ठेवायला जागा लागायची. आणि तोटाही तितकाच खरा. सासूबाई नऊला झोपायच्या, मुलाचा दहावीचा अभ्यास अकरापर्यंत चालायचा, दिवा एकच. मिरचीची फोडणी दिली की सगळं घर खोकायचं. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा संडासाचं दार स्वयंपाकाच्या ओट्यापासून चार फुटांवर होतं, आणि त्यांना होणारा संकोच मी रोज बघत होते. तेव्हापासून कितीही लहान घराचा नकाशा असो, संडासाचं दार मी स्वयंपाकघराकडे उघडू देत नाही.

हे सगळं मापाचं झालं. घर विटांचं असो, पत्र्याचं असो, एवढ्या जागेत हे असंच राहणार.

आता कंटेनर. मालवाहू जहाजांवरच्या या पेटीची सुरुवात १९५६ ची. माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्या उद्योजकानं 'आयडियल एक्स' जहाजावरून ५८ कंटेनर नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. पेटी बनली ती मालासाठी, माणसासाठी नाही. हे डोक्यात ठेवलं की तिचे सगळे गुण-दोष उलगडतात.

वीस फुटी कंटेनर बाहेरून २० फूट लांब, ८ फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच असतो. आतून रुंदी सुमारे ७ फूट ८ इंच, उंची ७ फूट १० इंच, जागा साधारण १५० चौरस फूट. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट सांगितलीय, आणि रुंदी किमान २.४ मीटर. साधा कंटेनर दोन्हींत कमी पडतो, तोही आतून अस्तर लावण्याआधी. छताला आणि भिंतींना दोन-दोन इंचांचं अस्तर लागलं की साडेसात फुटांच्या आसपास उंची उरते. तिथे छताचा पंखा लावला तर उंच माणसानं सदरा काढायला हात वर करणंही धोक्याचं. पंखा भिंतीवरच घ्यावा लागतो. एक फूट जास्त उंचीचे 'हाय क्यूब' कंटेनर मिळतात, घ्यायचाच तर तो घ्यावा. तोसुद्धा नऊ फुटांना दोन इंचांनी कमीच.

उष्णतेबद्दल मी वाचून सांगत नाही. गेल्या मे महिन्यात मिरजेजवळच्या एका शेतात अस्तर न लावलेला कंटेनर बघायला गेले होते. दुपारचे अडीच. दाराची कडी हातात धरवेना, पदर गुंडाळून उघडली. आत टेबलावर दिवे गेल्यावर लावायची मेणबत्ती होती, ती कमरेतून वाकून आडवी झाली होती. लोखंडी पत्रा दीड-दोन मिलिमीटरचा. नऊ इंची विटेची भिंत दुपारचं ऊन संध्याकाळपर्यंत अडवून धरते, पत्रा ते तेव्हाच्या तेव्हा आत सोडतो. म्हणून ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) किंवा पफ पॅनेलचं (आत फोम भरलेल्या पत्र्याचं) अस्तर ही चैन नाही. ते धरूनच कंटेनरची किंमत काढायची. नुसत्या डब्याचा भाव ऐकून खूश होऊ नये.

थंडीत उलटा प्रकार. पाचगणीला डिसेंबरात पत्रा गार पडतो, आत माणसांचा श्वास आणि चहाची वाफ, आणि पत्र्याला घाम फुटतो. अस्तर नीट चिकटलेलं नसेल तर ते पाणी त्याच्या मागे साचतं. आतून प्लायवूड फुगतं, बाहेरून काहीच दिसत नाही. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माण-खटावात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. एकाच जिल्ह्यात हा फरक आहे. दहिवडीला चाललेला कंटेनर बघून तसाच महाबळेश्वरला बसवू नये. तिकडे वर उतरतं छप्पर हवंच, छत आणि पत्रा यांच्यात वारा खेळेल असं.

कापाकापीचंही सांगते. कंटेनरचा भार चार कोपऱ्यांच्या खांबांवर असतो, म्हणून तर जहाजावर एकावर एक रचता येतात. पण नागमोडी भिंतीही ताकद देतात. दोन कंटेनर शेजारी ठेवून मधली भिंत काढली की ती ताकद गेली. तिथे चौकट आणि बीम वेल्डिंग करून द्यावा लागतो. कापलेल्या कडांना रंग लावला नाही तर गंज तिथूनच चढतो. आणि जुना कंटेनर घेतलात तर खालच्या प्लायवूडबद्दल विचारा. जहाजात कीड लागू नये म्हणून त्याला कीटकनाशक लावलेलं असतं. लहान मूल रांगणार असेल तर ते काढून टाका, निदान वरून पक्कं बंद करा.

कंटेनरच्या बाजूनंही बोलायला हवं. काम लवकर होतं. पाया हलका चालतो. कोयनेचा १९६७ चा भूकंप ज्या घरांनी पाहिला, त्यांना दगड-मातीच्या जड भिंती कशा कोसळतात हे वेगळं सांगायला नको. तिथे लोखंडाची हलकी, एकसंध पेटी बरी. दोन-चार वर्षांपुरती जागा हवी असेल, मोठं घर बांधून होईपर्यंत राहायचं असेल, शेतावर राखणीला खोली हवी असेल, तर मी स्वतःच कंटेनर सुचवते.

पण 'उचलून नेता येतं' यावर फार विसंबू नका. मोकळा वीस फुटी डबा सव्वादोन टनांचा, अस्तर, फरशी, मोरी झाली की वजन दुपटीकडे जातं. क्रेन हवी, ट्रेलर हवा, आणि ट्रेलर वळेल एवढा रस्ता हवा. गावात आधी तो रस्ता बघावा. नेल्यावर सेप्टिक टाकी, शोषखड्डा, बोअर आणि मीटर जुन्या जागीच राहणार.

सांगलीच्या नदीकाठच्या लोकांसाठी तर एक हिशेब मुद्दाम मांडते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २०२१ ला पुन्हा पूर. आता १६० चौरस फूट तळाचा बंद डबा घ्या. त्याच्याभोवती अर्धा फूट पाणी चढलं की तो ८० घनफूट पाणी बाजूला सारतो, म्हणजे सव्वादोन टन. बरोबर त्याच्याच वजनाइतकं. म्हणजे दारं घट्ट असतील तर मोकळा कंटेनर अर्ध्या फुटाला तरंगायला लागतो, सामानानं भरलेला एक-दीड फुटाला. वाहत्या पाण्यात तो कुठे जाऊन आदळेल सांगता येत नाही. तेव्हा पूररेषेजवळ तो काँक्रीटच्या पायाला बोल्ट मारून बांधावाच लागतो. आणि बांधला की तो सहज उचलायचा राहत नाही. विटांचं छोटं घर वाहून जात नाही, पण त्यातही पाणी शिरतंच. फरक एवढा, की त्यावर स्लॅब असेल आणि बाहेरून जिना असेल तर माणसं वर जाऊन बसू शकतात. कंटेनरचं पत्र्याचं छत त्यासाठी नाही. पूरपट्ट्यात मी यातलं काहीच सुचवणार नाही. आधी जागा उंचावर बघा.

परवानगीबद्दल दोन्हीकडे एकच उत्तर. "बांधकाम नाही, नुसता ठेवलाय" हे वाक्य मी खूपदा ऐकलंय आणि त्यावर भरवसा ठेवून पैसे घातलेली माणसंही बघितलीत. सातबाऱ्यावर शेती असेल तर तिथे राहायचं घर विटांचं की लोखंडाचं, यानं प्रश्न सुटत नाही. दोन-तीन गुंठे शेतजमीन घ्यायची आणि वर डबा ठेवायचा, हा बेत शेतजमिनीचे बारीक तुकडे पाडण्यावर बंदी घालणाऱ्या १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात अडकू शकतो. कुठे सवलत आहे ते तहसील कार्यालयात विचारूनच विसार द्यावा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथे तर आधी कागद, मग क्रेन. गृहकर्ज हवं असेल तर बँक मंजूर नकाशा मागणारच.

माझं मत विचाराल तर कायम राहायला, स्वतःच्या गावठाणात, मी बांधीव छोटं घरच सांगेन. त्याला कारण एकच पुरेसं आहे: ते वाढवता येतं. पाया आणि कॉलम आज एक मजला जास्तीचा धरून घातले तर दहा वर्षांनी मुलगा वर खोली काढू शकतो. एवढ्याशा घरात भिंतीची जाडीसुद्धा हिशेबात धरायची असते. बाहेरून १२ बाय २५ फुटांच्या घराला नऊ इंची भिंती घेतल्या तर आत सुमारे २४७ चौरस फूट उरतात. कॉलम-बीमची चौकट करून सहा इंची भिंती घेतल्या तर २६४. जवळपास एका न्हाणीघराची जागा तिथेच सुटते.

कोरेगावच्या त्या दोघांना मी कागदावर काहीच काढून दिलं नाही. रविवारी त्यांच्या जागेवर गेले, सोबत जमिनीवर रेघा आखायच्या पांढऱ्या फक्कीची पिशवी. आधी ८ बाय २० चा चौकोन आखला, शेजारी १२ बाय २५ चा. दादा पहिल्या चौकोनात आडवे झाले, लांबीला जागा भरपूर होती. वहिनी आत बसल्या, पाय पसरले, मग उठून दुसऱ्या चौकोनात गेल्या. तिथे त्यांनी हातानंच दाखवलं: इथे ओटा, इथे कोठी, इथे देव. मग थोडा वेळ गप्प उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, आत्याबाई आमच्याजवळच राहणार आहेत. त्यांची खाट दारापाशी नको, वारं लागतं." आम्ही खाटेची जागा मागच्या भिंतीला घेतली आणि मोरीची रेघ पुसून दीड फूट पुढे आखली.