खुलं कारागृह वेगळं, 'पाइप' वेगळं

व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या कैद्यांसाठी इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत असलेल्या 'पाइप' (PIPE, म्हणजे मानसशास्त्राच्या आधारे आखलेलं वातावरण) विभागांचा विषय सोलापुरात निघाला की हमखास ऐकू येतं, "म्हणजे आटपाडीचं स्वतंत्रपूरच की!" वकीलही म्हणतात, समाजकार्य शिकणारी मुलंही. अजिबात नाही.

स्वतंत्रपूर हे भिंती नसलेलं खुलं कारागृह तुम्हाला ठाऊक आहे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये वसवलेलं, शेती करायची, बायकामुलांसह राहायचं. पुढे जाऊ.

इंग्लंड-वेल्समध्ये २०११ पासून आरोग्यसेवा आणि तुरुंग-प्रोबेशन खातं मिळून या कैद्यांसाठी सेवा चालवतात. 'पाइप' हा त्यातलाच भाग. भिंती, कुलपं जागच्या जागी असतात. नेमके उपचार इतर विभागांत होतात. इथे बदललेली असते ती कर्मचाऱ्यांची वागणूक.

गफलत होते ती विश्वासाच्या बाबतीत. खुल्या कारागृहात कैद्याने आधी चांगलं वागून विश्वास कमवायचा, मग भिंत काढायची. व्यक्तिमत्त्व विकाराचा माणूस अनेकदा तिथेच अडकतो. कुणी जवळ आलं की त्याला धोका वाटतो. मग तो शिवीगाळ करतो, हातावर ब्लेड मारून घेतो, आपल्याशी नीट बोलणाऱ्या शिपायाचीच तक्रार करतो. खुल्या कारागृहातून परत पाठवायला एवढं पुरे. 'पाइप'मध्ये मात्र हे होणार असं धरूनच तयारी असते. तक्रार झाली तरी तोच कर्मचारी ठरल्या वेळी त्याच्यासमोर बसतो, काय बिनसलं ते बोलतो. त्या कर्मचाऱ्यालाही मानसशास्त्रीय मार्गदर्शन नियमित मिळतं, कारण अशा माणसाशी रोज वागताना भला माणूस एकतर चिडतो, नाहीतर वाहवत जातो. सगळ्यात मोलाचं हेच, आणि आपल्याकडे मागणी होते ती फक्त आठवड्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशकाची!

हा कैद्यांना 'वेडा ठरवून सोडवायचा डाव' आहे, असा आरोपही होतो. तोही चुकीचा. भारतीय न्याय संहितेचं कलम २२ मनोविकलतेमुळे कृत्याचं स्वरूप किंवा ते चूक वा बेकायदा असल्याचंच न कळणाऱ्यासाठी आहे. यांना बहुतेकदा ते कळतं. शिक्षा भोगावीच लागते.

तिकडच्या या सेवांत यायला निदानाचा कागदही लागत नाही. माणूस असा का वागतो, याची मांडणी करून काम सुरू होतं. मला हे मनापासून पटतं. ब्रिटिश काळात जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची माणसं जिथे सेटलमेंटच्या (सक्तीच्या वसाहतीच्या) तारेआड कोंडली, त्या सोलापुरात तरी 'स्वभावच तसला' म्हणून कुणाची फाइल मिटू नये.

आपल्या जिल्हा कारागृहात असं काही करायचं तर शेतजमीन नको. एक बराक, सारखे न बदलणारे कर्मचारी आणि त्यांच्या पाठीशी मानसशास्त्रज्ञ, एवढ्यावर सुरुवात होईल.