कोर्टाच्या वाटेने आलेलं लॉक: मिसिसिपीवरच्या मेल्विन प्राइस धरणाची पार्श्वभूमी

धरण म्हटलं की आपण पहिल्यांदा विचारतो, किती टीएमसीचं? किती टक्के भरलं? अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ऑल्टन शहराजवळ मिसिसिपीवर जे मेल्विन प्राइस धरण आहे, त्याला हे प्रश्न लागूच पडत नाहीत. नदीच्या पात्रात बारमाही ९ फूट खोल वाट राहावी आणि मालवाहतूक चालावी, यासाठी ते बांधलंय. मोठा पूर आला की त्याचे वक्र दरवाजे पाण्याबाहेर उचलतात आणि नदीला जाऊ देतात.

ही ९ फुटांची वाट १९३०च्या कायद्याने ठरली. त्यासाठी वरच्या मिसिसिपीवर लॉक आणि धरणांची मालिका उभी राहिली. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद; बोट आत घ्यायची, पाणी वर-खाली करायचं आणि तिला धरणापलीकडे सोडायचं. त्यातलं ऑल्टनचं २६ क्रमांकाचं धरण १९३८ साली पूर्ण झालं. पण हे ठिकाण अडचणीचं. इलिनॉय नदी ऑल्टनच्या वरच्या अंगाला मिसिसिपीला मिळते, म्हणजे दोन्ही नद्यांवरून दक्षिणेकडे निघालेला मका आणि सोयाबीन याच दारातून जाणार. आणि मोठं लॉक होतं ६०० फुटांचं.

गोव्यात मांडवीतून खनिज नेणारे बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी, एकेकटे जातात. इथे १५ बार्ज, तीन-तीनच्या पाच रांगांत, तारेच्या दोरांनी बांधून मागून एकच टोबोट ढकलते. एक बार्ज १९५ फूट लांब, ३५ फूट रुंद. जुन्या लॉकमध्ये जेमतेम तीन रांगा मावत. म्हणून दोर सोडायचे, नऊ बार्ज आधी पार करायचे, मग उरलेले सहा आणि टोबोट, आणि पलीकडे पुन्हा सगळं बांधायचं. मागे रांग वाढतच जायची. त्यात जुन्या बांधकामाचा पाया वाळूत ठोकलेल्या लाकडी खांबांवर होता आणि प्रवाह ती वाळू पोखरत होता.

नवं धरण हवं, यात शंका नव्हती असं आज वाटतं. पण लष्कराच्या अभियंता विभागाने संसदेची वेगळी मंजुरी न घेताच काम हाती घेतलं आणि १९७४ साली रेल्वे कंपन्या व पर्यावरण संघटना एकत्र कोर्टात गेल्या. रेल्वेला आपला धंदा जाण्याची धास्ती, सिएरा क्लब आणि आयझॅक वॉल्टन लीगला नदीची काळजी. कोर्टाने काम थांबवलं. माझ्या मते या धरणाचा खरा इतिहास इथेच घडला, कारण १९७८ साली मंजुरी मिळाली ती एका अटीसह: मालवाहू बोटींच्या इंधनावर कर. तोवर या नद्यांवरची वाहतूक फुकट होती.

१९७९ साली दोन मैल खाली बांधकाम सुरू झालं. १,२०० फुटांचं मुख्य लॉक १९९० साली, ६०० फुटांचं दुसरं १९९४ साली खुलं झालं. नाव दिलं ते इथल्याच खासदाराचं. प्राइस १९८८ साली पदावर असतानाच वारले.

शेजारचं नॅशनल ग्रेट रिव्हर्स म्युझियम २००३ साली उघडलं. प्रवेशाला पैसे नाहीत. आत टोबोट चालवण्याचं सिम्युलेटर आहे, मार्गदर्शक लॉकच्या माथ्यावर घेऊन जातात. लॉक भरायला पंप लागत नाही. भिंतीतल्या झडपा उघडल्या की वरचं पाणी स्वतःच्या भाराने आत येतं. खाली तीन बार्ज शेजारी शेजारी, १०५ फूट. लॉकची रुंदी ११०. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट जागा ठेवून ते पंधराच्या पंधरा, न सोडता, एकदम आत शिरतात.