भिंतीमागं गेलतो की, तरी मारलं!

रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर आमचा पाच-सहा जणांचा कट्टा भरतो. भेळ संपेपर्यंत उसाचा दर, शाहू स्टेडियमवरची कालची मॅच, कुणाच्या घरचं लग्न असं सगळं होऊन जातं आणि मग कुणीतरी नेहमीचा प्रश्न टाकतं, "काय मग, सध्या काय खेळायलायस?" औषधांचं दुकान असलेला मित्र २००६ साली आलेला 'क्रिकेट ०७' अजूनही घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर खेळतो. पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचा कट्टर समर्थक असलेला दुसरा मित्र फोनवरही फुटबॉलच लावतो. त्याच्या मुलीला पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये आणलेल्या 'राजी' या गेमनं वेड लावलंय. हायस्कूलला गणित शिकवणारा मित्र गेले पंधरा दिवस वरून पडणारे तुकडे फिरवून नीट बसवायच्या टेट्रिसमध्ये अडकलाय. आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला माझा भाचा नेमबाजीचा ऑनलाइन गेम खेळतो, तोही आमच्याशी बोलता बोलता.

परवा त्यानं फोन मांडीवर आपटला. "मामा, भिंतीमागं गेलतो की, तरी मारलं! नुसता लॅग हाय."

लॅग म्हणजे खबर पोचायला लागणारा उशीर. मी त्याला म्हटलं, तू भिंतीमागे गेला होतास हे खरं आहे. आणि ज्यानं तुला मारलं त्याला तू समोर दिसत होतास, हेही खरं आहे. त्याला ते पटेना. मग रंकाळ्याचे दिवे लागेपर्यंत आम्ही त्यावरच बोलत बसलो.

सुरुवात प्रकाशापासून करावी लागते, कारण फोन आणि गेम चालवणारा दूरचा कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, यांच्यातली खबर बराचसा प्रवास प्रकाशाच्या रूपानं करते. निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, पण ऑप्टिकल फायबरच्या काचेत त्याचा वेग सुमारे २ लाखांवर येतो. कोल्हापूरपासून मुंबई रस्त्यानं पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. गेमचा सर्व्हर मुंबईत असेल तर काचेतून जाऊन यायला प्रकाशाला जेमतेम ४ मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईपासूनचं सरळ अंतरच ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन साधारण ३९ मिलिसेकंद. समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत राउटर, स्विच, मोबाइलचा टॉवर असे थांबे असतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून मोठाच येतो. गेम खेळणारे ज्याला 'पिंग' म्हणतात ती ही जाण्यायेण्याची वेळ. ती कितीही पैसे टाकले तरी शून्य होणार नाही, कारण प्रकाशाला याहून जोरात पळवता येत नाही.

पण पिंग मोठी असण्यापेक्षा ती उड्या मारणं जास्त वाईट. सतत ८० असेल तर हात सवय करून घेतो. एकदा ३० आणि लगेच १८० झाली की सवय कशाची करायची? भाच्याचं घर शिवाजी पेठेत, जुन्या वाड्यात. राउटर सोप्यात आणि हा खेळणार माजघरात. मध्ये दोन हात रुंदीची दगड-मातीची भिंत. वायफायच्या लहरी अशा भिंतीत बऱ्याच विरतात, त्यातही ५ गिगाहर्ट्‌झच्या २.४ पेक्षा जास्त. माहितीची पाकिटं वाटेत हरवतात, पुन्हा पाठवावी लागतात आणि प्रत्येक वेळी उशीर वेगळा होतो. तो सोप्यात येऊन खेळायला लागला तेव्हा त्याच्या निम्म्या तक्रारी बंद झाल्या. उरलेल्या निम्म्या गेममधल्या त्या भिंतीच्या.

आता जरा सावकाश बघू. समजा भाच्याची पिंग ८० आहे आणि समोरच्याचीही ८०. म्हणजे एका बाजूचा प्रवास ४० मिलिसेकंदांचा. भाच्यानं अंगठा सरकवला की त्याचा खेळाडू लगेच पळतो. खरं तर सर्व्हरची परवानगी यायला ८० मिलिसेकंद लागणार, पण तेवढा वेळ थांबलं तर प्रत्येक पाऊल चिखलातून उचलल्यासारखं वाटेल. म्हणून फोन वाट न बघता स्वतःच अंदाज बांधतो की परवानगी मिळेलच, आणि पळवतो. नंतर सर्व्हर 'नाही' म्हणाला तर खेळाडू झटकन मागे ओढला जातो. 'मागं खेचतंय' म्हणतात ते हेच. १९९६ मध्ये 'क्वेकवर्ल्ड' या नेमबाजीच्या गेमसाठी प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी ही युक्ती वापरली आणि त्यामुळे साध्या टेलिफोन लाइनवरच्या इंटरनेटवरही असा गेम खेळता येऊ लागला.

समोरच्याच्या पडद्यावर मात्र भाचा कुठे आहे? भाच्याची हालचाल सर्व्हरला कळायला ४०, तिथून समोरच्याला पोचायला आणखी ४०. शिवाय दुसऱ्यांच्या हालचाली झटके न देता दिसाव्यात म्हणून गेम त्यांना मुद्दाम थोडं उशिरानं दाखवतो. तो उशीर १०० मिलिसेकंद धरू. एकूण १८०. गेममध्ये सेकंदाला ६ मीटर वेगानं पळणारा भाचा समोरच्याला १ मीटरपेक्षा थोडा मागे, म्हणजे अजून भिंतीबाहेर दिसतोय. तो नेम धरतो, गोळी झाडतो. गोळीची खबर सर्व्हरला पोचायला आणखी ४० मिलिसेकंद.

इथे सर्व्हर जे करतो ते मला फार सुंदर वाटतं. तो प्रत्येक खेळाडूच्या मागच्या काही क्षणांतल्या जागा जपून ठेवतो. गोळीची खबर आली की तो हिशेब करतो: या माणसानं ट्रिगर दाबला तेव्हा त्याच्या पडद्यावर नेमकं काय होतं? मग सगळ्यांना तेवढं मागे नेतो, त्या जुन्या क्षणात गोळी लागली की नाही ते तपासतो आणि पुन्हा वर्तमानात येतो. लागली असेल तर निकाल भाच्याकडे धाडतो, त्याला आणखी ४० मिलिसेकंद. सगळी बेरीज २६०. तेवढ्यात भाचा दीड मीटर पुढे, भिंतीच्या आड पोचलेला. 'हाफ-लाइफ' या गेमवर काम करणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या याह्न बर्नियर यांनी २००१ मध्ये ही पद्धत सविस्तर लिहून मांडली आणि नेमबाजीच्या अनेक गेमनी ती उचलली.

भाचा म्हणाला, म्हणजे माझ्यावर अन्याय झालाच की. झाला. पण दुसरा पर्याय काय? सर्व्हरनं मागे जायचं नाही असं ठरवलं, तर प्रत्येकाला समोरचा दिसतोय तिथे नाही, त्याच्या पुढे रिकाम्या हवेत नेम धरावा लागेल, आणि किती पुढे ते प्रत्येकाच्या पिंगनुसार बदलेल. त्यापेक्षा नीट नेम धरणाऱ्याला न्याय देणं बरं, असं माझं मत आहे. भाच्याचं अजून नाही.

आमच्यातला फुटबॉलवाला मित्र यावर म्हणाला, मशिनला अंदाज बांधावा लागतो, माणसाचं तसं नाही. मी म्हटलं, माणसाचं अगदी तसंच आहे. डोळ्यांत शिरलेला प्रकाश डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या पेशींत रासायनिक क्रिया घडवतो, तिचा विद्युत संदेश होतो, तो मेंदूच्या मागच्या भागात जातो, तिथून हाताला हुकूम. दिसलं की बटण दाबायचं, एवढ्या साध्या कामालाही बहुतेकांना २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. भिंतीच्या हिशेबातला आकडा २६० होता. म्हणजे आपल्या डोक्यातला लॅग त्या सबंध जाळ्याच्या लॅगच्या बरोबरीचा. ऐकून प्रतिक्रिया द्यायला थोडा कमी वेळ लागतो, कारण कानातली यंत्रणा डोळ्यापेक्षा चपळ आहे. म्हणून मुरलेले खेळाडू इयरफोन लावल्याशिवाय बसत नाहीत, पावलांचा आवाज त्यांना आधी सांगतो.

मग क्रिकेटमध्ये माणूस जलद चेंडू मारतो तरी कसा? मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड या दोन शास्त्रज्ञांनी फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून २००० मध्ये याचं उत्तर प्रसिद्ध केलं. ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वेगानं येणाऱ्या चेंडूवर फलंदाजाची नजर सतत खिळलेली नसतेच. चेंडू सुटताना तो क्षणभर बघतो आणि मग नजर चेंडूला सोडून थेट खेळपट्टीवर उडी मारते, जिथे टप्पा पडणार आहे तिथे. चेंडू येण्याआधी डोळे तिथे हजर. चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर होते, कच्च्याची उशिरा. म्हणजे भाच्याचा फोन करतो तेच: खबर यायची वाट बघायची नाही, आधी अंदाज बांधायचा आणि मग टप्प्यावर तपासून दुरुस्त करायचा. मोबाइलवरच्या अनेक क्रिकेट गेममध्ये टप्पा पडण्याआधी तिथे एक खूण उमटते ना, ती कसलेल्या फलंदाजाची नजर जिथे उडी मारते नेमक्या त्याच जागी असते.

खासबागेत कुस्ती बघायला बसलात तर जाणकार माणूस डाव पडायच्या आधी "गेला!" म्हणून ओरडतो. त्यालाही भविष्य दिसत नसतं. हजार कुस्त्या बघून खांदा कसा वळला की पुढे काय येतं, हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं.

अंदाज आणि आवड यांचाही जवळचा संबंध आहे. गेमविषयी बोलताना हल्ली कुणीही 'डोपामिन' हा शब्द फेकतं, जणू ते मजेचं रसायन आहे. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये ८ पुरुषांना रणगाड्याचा गेम खेळायला लावून मेंदूचं पेट स्कॅन केलं, तेव्हा डोपामिन वाढल्याचं दिसलं होतं हे खरं. पण ते कशासाठी वाढतं हे मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून जास्त स्पष्ट होतं. दिवा लागला की थोड्या वेळानं माकडाला फळाचा रस मिळायचा. सुरुवातीला डोपामिनच्या पेशी रस मिळताच उसळायच्या. दिव्यानंतर रस येतो हे शिकल्यावर त्या दिव्यालाच उसळू लागल्या आणि रस मिळाला तरी गप्प राहिल्या. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर नेमक्या रसाच्या वेळेला त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली गेलं. थोडक्यात, या पेशी रस मोजत नव्हत्या, अंदाज किती चुकला ते मोजत होत्या.

म्हणूनच कट्ट्यावरची उत्तरं बदलत राहतात. फुटबॉलवाल्या मित्राची मुलगी 'राजी'त एका राक्षसापाशी चार दिवस अडली होती तेव्हा रोज तिचं पुराण ऐकू यायचं. त्याचा वार कधी येणार हे कळलं, तो पडला, आणि पुढच्या रविवारी ती त्याच्याविषयी एक शब्द बोलली नाही. अंदाज पक्का झाला की तेवढा भाग शिळा होतो. चांगला गेम बनवणारे हे ओळखून असतात आणि तुम्ही शिकलात की लगेच थोडं अवघड करून ठेवतात, इतकंच की जमणार नाही असं वाटू नये.

काही गेम याच्या पुढे जातात आणि बक्षीस कधी मिळेल याचा अंदाज कधीच लागू नये अशी रचना करतात. तिथे शिकण्यासारखं काही नसतं आणि अंदाज मात्र सारखा चुकत राहतो. गेममधल्या बक्षिसांच्या अशा पेट्या उघडत बसणाऱ्या पोरांची मला काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून गेमिंगचा विकार लागू आहे. त्याची कसोटी तासांची नाही. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं आणि नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, हे साधारण १२ महिने चालू असेल तर तो विकार. पोरगं दोन तास खेळलं म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. जेवण, झोप, अभ्यास सुटत चालला असेल तर मात्र न रागावता डॉक्टरांकडे न्यावं.

झोपेवरून टेट्रिस. अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत तो तयार केला. हार्वर्डचे रॉबर्ट स्टिकगोल्ड एकदा डोंगर चढून आले आणि रात्री डोळे मिटल्यावर त्यांना हाताखाली पुन्हा खडक जाणवू लागले. पन्हाळा ते पावनखिंड चालून आलेल्या कुणालाही विचारा, अंथरुणावर पाय चालतच असतात. स्टिकगोल्डना हे प्रयोगशाळेत पकडायचं होतं, म्हणून त्यांनी २७ जणांना तीन दिवसांत एकूण ७ तास टेट्रिस खेळायला लावलं. निम्म्याहून जास्त लोकांना झोप लागता लागता वरून पडणारे तुकडे दिसले. टेबल, कीबोर्ड, खोली यांतलं काही नाही, फक्त तुकडे. आधीपासून टेट्रिस खेळत आलेल्या काहींना तर पूर्वी खेळलेल्या जुन्या आवृत्तीतले तुकडे दिसले.

त्या २७ जणांत ५ जण असे होते की मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला इजा झाल्यामुळे त्यांच्या नव्या आठवणी टिकत नव्हत्या. रोज त्यांना गेम नव्यानं समजावून सांगावा लागायचा, कारण काल खेळल्याचं त्यांना आठवायचंच नाही. तरीही पाचांतल्या तिघांना झोपेच्या उंबऱ्यावर तेच तुकडे पडताना दिसले. हे कुठले तुकडे, हे त्यांना सांगता येईना. खेळल्याची आठवण पुसली होती, पण मेंदूचा दुसरा कुठला तरी कोपरा त्यावर काम करत होता. २००० साली 'सायन्स'मध्ये हे प्रसिद्ध झालं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ पान उलटलं नव्हतं.

गणिताच्या सरांना हे सांगितलं, तर ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, परवा लक्ष्मीपुरीत ज्वारी घ्यायला गेलो होतो. हमाल दुकानासमोर पोत्यांची थप्पी रचत होते, आणि एका ठिकाणी उभी फट राहिली होती. "मी पैसे द्यायचे विसरून बघत उभा राहिलो. म्हटलं, ते आडवं पोतं फिरवून वरून सोडलं की बसतंय."