सत्त्याण्णवच्या आकड्यात न दिसणारा ऑक्सिजन

डिसेंबरातली रात्र, घड्याळात दीड वाजलेले. शेजारचे भाऊ गच्चीवर येरझारा घालत होते. उजवा तळवा उजव्या डोळ्यावर गच्च दाबलेला. तो डोळा लालभडक, त्यातून पाण्याची धार, पापणी अर्धी खाली आलेली, त्याच बाजूची नाकपुडी चोंदलेली. डावी बाजू मात्र अगदी शांत. वहिनी कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर हातात धरून त्यांच्या मागे मागे फिरत होत्या. न्यूरॉलॉजिस्टने त्याच दिवशी चिठ्ठीवर ऑक्सिजन लिहून दिला होता, आणि वहिनींचा प्रश्न रोखठोक होता : "सत्त्याण्णव दाखवून राह्यलं ना भाऊजी, मंग ऑक्सिजन कायले?"

त्या प्रश्नाने मला पुढचे कित्येक दिवस कामाला लावलं.

या आजाराचं नाव क्लस्टर डोकेदुखी. साधारण हजारात एकाला होतो. अर्धशिशीचा माणूस अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहतो. क्लस्टरवाल्याला बसवत नाही. झटका पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत चालतो, दिवसातून आठ वेळाही येऊ शकतो. काही आठवडे किंवा महिने हा छळ चालतो आणि मग अनेक महिने काहीच नाही. दातांचं किंवा सायनसचं दुखणं समजून अनेकांचे चांगले दात उपटले गेले आहेत.

यावर शुद्ध ऑक्सिजन चालतो, हे पक्कं आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या चाचणीत रुग्णांना मिनिटाला १२ लिटर वेगाने कधी शुद्ध ऑक्सिजन, तर कधी साधी हवा दिली. कोणत्या वेळी काय, ते त्यांना कळू दिलं नाही. ऑक्सिजन घेतल्यावर ७८ टक्के वेळा पंधरा मिनिटांत वेदना थांबली किंवा पुरेशी उतरली. साध्या हवेने फक्त २० टक्के. यावरून लोक झटकन निष्कर्ष काढतात की रक्तात ऑक्सिजन कमी पडला म्हणून डोकं दुखलं. पण पाण्याने आग विझते, म्हणून पाणी कमी पडल्याने आग लागली असं आपण म्हणत नाही.

मग सत्त्याण्णव टक्के भरलेल्या रक्तात आणखी ऑक्सिजन जातो कुठे? मला सगळ्यात आवडतो तो हा भाग.

हिमोग्लोबिनचा प्रत्येक रेणू म्हणजे चार सीटचा ऑटो समजा. नागपूरच्या सीताबर्डीवर हजार ऑटो उभे आहेत आणि शंभरातल्या सत्त्याण्णव सीटा भरल्या आहेत. ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून पाठवून एवढंच मोजतो : किती सीटा भरल्या. पण ऑटोत न बसता रस्त्याने पायी चालणारेही असतात. रक्ताच्या पाण्यात नुसता विरघळलेला ऑक्सिजन तो हाच. १०० मिलिलिटर रक्तात ऑटोत बसलेला ऑक्सिजन सुमारे २० मिलिलिटर, पायी चालणारा जेमतेम ०.३. शुद्ध ऑक्सिजन घेतला की उरलेल्या तीन सीटा भरतात आणि तिथे गोष्ट संपते. पायी चालणारे मात्र ०.३ वरून जवळजवळ २ मिलिलिटरवर जातात, म्हणजे सहापट. रक्तातला ऑक्सिजनचा दाब, जो पेशींपर्यंत त्याला ढकलतो, तो ठरतो या पायी चालणाऱ्यांवरूनच. तो १०० मिलिमीटर पाऱ्यावरून ५००-६००च्या घरात जाऊ शकतो. आणि ऑक्सिमीटर? सत्त्याण्णवचे शंभर दाखवतो, बस.

म्हणजे क्लस्टरमध्ये ऑक्सिजन देणं ही तूट भरून काढणं नाही. इथे तो औषध म्हणून, भरपूर प्रमाणात दिला जातो.

तरीही कमी ऑक्सिजनवरचा संशय उगाच आलेला नाही. गळ्यात धमनीला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे तांदळाच्या दाण्याएवढी कॅरोटिड बॉडी असते. रक्तातला ऑक्सिजन उतरला की मेंदूला कळवणं हे तिचं काम. क्लस्टरच्या रुग्णांत हा पहारेकरीच नीट काम करत नसावा, असं ली कुड्रो या अमेरिकी डॉक्टरांनी १९८०च्या दशकात मांडलं. आधारही होते. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास अशा रुग्णांत काही पाहण्यांत जास्त आढळला. नायट्रोग्लिसरीन हे रक्तवाहिन्या रुंद करणारं औषध दिलं की अर्ध्या-पाऊण तासाने झटका येतो, आणि मधल्या काळात रक्तातला ऑक्सिजन थोडा घसरलेलाही दिसला. काहींना विमानात किंवा उंच डोंगरावर झटका येतो.

पण नंतर झोपेच्या प्रयोगशाळेत रात्रभर तारा लावून पाहिलं, तेव्हा श्वास अडकण्याची वेळ आणि झटक्याची वेळ जुळली नाही. नायट्रोग्लिसरीननेही झटका येतो तो दुखण्याचा हंगाम चालू असतानाच. एरवी त्याच माणसाला ते दिलं तर येत नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे-सव्वातीनशे मीटरवर, लेह साडेतीन हजारांवर. लेहला पोचल्यावर अनेकांचं डोकं दुखतं, पण ते बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी. एक डोळा लाल आणि दुसरा कोरडा, असं त्या दुखण्यात होत नाही. माझं मत असं झालं आहे की कमी ऑक्सिजन ही फार तर ठिणगी आहे, आणि तीही बंदुकीची दारू कोरडी असेल तरच पेटवणारी.

ही दारू ठेवलेली असते मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस या छोट्या भागात. शरीराचं घड्याळ तिथेच आहे, म्हणून अनेकांना झटका रोज ठरलेल्या वेळी येतो. "रोज दीडलाच कसं उठते, हे बाहेरचंच आहे," म्हणत भाऊंच्या नातलगांनी त्यांच्या दंडाला दोरा बांधला होता. मला याची फार चीड येते; त्या दोऱ्यापायी योग्य डॉक्टर गाठायला दोन हिवाळे गेले. ठरलेली वेळ ही भुताची खूण नसून निदानाची खूण आहे. १९९८ साली मेंदूचा कोणता भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्ये झटक्याच्या वेळी नेमका हाच भाग सक्रिय झालेला दिसला आहे.

ऑक्सिजन काम कुठे करतो, याचा एक धागा उंदरांवरच्या प्रयोगातून मिळाला. चेहऱ्याची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस मेंदूच्या आवरणाकडून थेट चेतवली, तर ऑक्सिजनने काही फरक पडला नाही. पण मेंदूच्या देठातलं डोळ्यातून पाणी काढणारं, नाक चोंदवणारं केंद्र चेतवलं, तेव्हा मात्र ऑक्सिजनने पुढचा गोंधळ कमी केला. पाणी गळणारा डोळा आणि ऑक्सिजनने उतरणारी कळ एकाच वाटेवर आहेत, असा त्याचा अर्थ लागतो.

आता कामाचं. कोविडनंतर घरी पडून असलेलं, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून मिनिटाला पाच लिटर देणारं कॉन्सन्ट्रेटर इथे पुरत नाही. नाकातली नळीही नाही. पिशवी असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क आणि मिनिटाला १२ ते १५ लिटरचा वेग लागतो. १२ लिटरने पंधरा मिनिटं म्हणजे १८० लिटर. बी-टाईप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर मावतात, म्हणजे आठ झटके. जवळ विडी, उदबत्ती, निरांजन काही पेटतं नको. फुप्फुसांचा जुना आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं.

भाऊंच्या पलंगाशी आता सिलिंडर उभा आहे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर वहिनी पेन्सिलीने रेघा मारतात. सातवी रेघ झाली की दुकानदाराला फोन.