शेक आणि ऊब: रॉडचा हीटर आणि ऑइल हीटर यांत फरक काय?

माझ्या बाळंतपणासाठी आई साताऱ्याहून दिल्लीला आली तो जानेवारीचा दुसरा आठवडा होता. बाहेर धुकं, पहाटेचं तापमान सहा अंश. तिच्या खोलीत मी नवा ऑइल हीटर लावून ठेवला होता. तासाभराने डोकावले तर ती शाल गुंडाळून त्याच्या अगदी पुढ्यात बसलेली, दोन्ही तळवे त्याच्याकडे धरून. मला बघून म्हणाली, "अगं, हा लाल कसा होत नाही? बिघडलाय वाटतं."

हीटर बिघडला नव्हता. खोलीतला गारठा बराच कमी झाला होता, आणि ती पलंगावर किंवा खिडकीजवळच्या खुर्चीत बसली असती तरी तिला तितकंच बरं वाटलं असतं. पण आईला हवा होता शेक, आणि ते यंत्र देत होतं ऊब.

मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत आणि ते आपण उगाच वेगळे ठेवलेले नाहीत. शेकोटीभोवती बसलं की तोंड तापतं आणि पाठ गारच राहते, म्हणून माणसं मधूनमधून पाठ फिरवून बसतात. तो शेक. तो एका दिशेने येतो, समोर असेल त्यालाच मिळतो आणि मध्ये कुणी उभं राहिलं की तुटतो. तव्यावरून काढलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांपुढे उभी लावतात, तेव्हा ती निखाऱ्याला न टेकताही फुगते. तीही त्याच धगीने. ऊब वेगळी. कोंबडीच्या पंखाखाली पिलांना मिळते ती ऊब, गोधडीत मिळते ती ऊब. तिला दिशा नसते. ती सगळीकडून असते.

बाजारात थंडीच्या दिवसांत शेजारीशेजारी मांडलेले हे दोन हीटर नेमके याच दोन गोष्टी देतात. दोन्ही विजेवर चालतात आणि दोघांनाही 'रूम हीटर'च म्हणतात. म्हणून गोंधळ होतो आणि भलत्या कामाला भलता हीटर घरी येतो.

रॉडच्या हीटरमध्ये नायक्रोमची तार असते, म्हणजे निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू. या तारेचं पेटंट अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना 1906 साली मिळालं. लालबुंद तापूनही ती हवेत जळून जात नाही, हा तिचा मोठा गुण. ती चिनी मातीच्या दांड्यावर गुंडाळलेली असते किंवा काचेसारख्या क्वार्ट्झच्या नळीत असते, आणि मागे चकचकीत पत्रा. रॉड लाल दिसतो तेव्हा तो सातशे अंशांच्या वर गेलेला असतो. पण डोळ्यांना दिसणारा तो लाल उजेड म्हणजे अगदी थोडका भाग. बाकीची बहुतेक ऊर्जा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून बाहेर पडते. विल्यम हर्शेल यांनी 1800 साली लोलकातून पडलेल्या सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात, लाल रंगाच्याही पलीकडे जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे तापमापक ठेवला, आणि पारा चढला. तेच हे किरण. ते हवेला फारसं न तापवता सरळ येतात आणि अंगावर, कपड्यावर, रजईवर पडले की तिथे उष्णता होतात. म्हणून रॉड लावल्यावर मिनिटभरात बरं वाटतं, आणि बंद केला की मिनिटभरात पुन्हा हुडहुडी भरते. मागचा पत्रा धुळीने काळवंडला की पुढे येणारा शेकही कमी होतो, तेव्हा थंडी सुरू होताना तो कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा; अर्थात प्लग काढून.

ऑइल हीटर म्हणजे उभ्या पोकळ पत्र्यांची रांग. नऊ, अकरा, तेरा अशी. आत कायमचं बंद केलेलं तेल असतं आणि तळाशी तापणारी कॉइल. तेल तापून वर चढतं, गार झालेलं खाली येतं, पत्रे गरम होतात. पत्र्यांमधली हवा तापून छताकडे जाते, तिच्या जागी खालची गार हवा येते आणि असं करत सबंध खोली हळूहळू फिरून तापते. हे तेल जळत नाही, संपत नाही, दरवर्षी भरावंही लागत नाही. मला दोन शेजारणींनी विचारलं होतं की तेल कुठून घालायचं, म्हणून मुद्दाम लिहिते.

नावानेही इथे घोळ घातला आहे. ऑइल हीटरला दुकानदार रेडिएटर म्हणतात. रेडिएट म्हणजे किरण टाकणं. पण त्याच्या उष्णतेचा मोठा वाटा हवा तापवण्यात जातो. खरा किरण टाकणारा तो लाल रॉड, आणि त्याला कुणी रेडिएटर म्हणत नाही.

आता विजेचं. मला दुकानात ठामपणे सांगितलं गेलं की ऑइल हीटर रॉडपेक्षा निम्मी वीज खातो. हे साफ चूक आहे आणि यावर लोकांचे पैसे जातात, म्हणून जरा थांबून सांगते. एक युनिट वीज कुठल्याही हीटरमध्ये घातली, मग तो रॉडचा असो, तेलाचा असो की पंख्याचा ब्लोअर, तर 3,600 किलोजूल उष्णताच बाहेर येते. वाया काही जाऊ दिलं नाही तर तेवढ्यात साडेअकरा लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीला येईल. तेल त्यात भर घालत नाही. ते फक्त उष्णता धरून ठेवतं आणि सावकाश सोडतं, म्हणून बंद केल्यावरही अर्धा तास पत्रे कोमट राहतात. पण ती तुम्ही आधीच भरलेली वीज असते.

मग बिलात फरक पडतो तो कशाने? उष्णता कुठे जाते याने. आमची खोली दहा बाय बारा फुटांची, उंची दहा फूट. म्हणजे 1,200 घनफूट, साधारण 34 घनमीटर. त्यातल्या हवेचं वजन चाळीस किलोच्या आसपास भरतं. ही हवा आठ अंशांवरून अठरावर न्यायला लागते फक्त एका युनिटच्या नवव्या भागाइतकी वीज. 2,000 वॅटच्या हीटरला साडेतीन मिनिटांचं काम. प्रत्यक्षात आमच्याकडे पाऊण तास लागतो. कारण तापवायच्या असतात भिंती, फरशी, लोखंडी कपाट, गादी, आणि खुद्द हीटरचं तेल. शिवाय दाराखालच्या फटीतून आणि वरच्या झडपांतून गरम हवा सारखी निसटते. दिल्लीतली घरं मे-जूनच्या उन्हाळ्याला तोंड द्यायला बांधलेली आहेत, जाडजूड विटा आणि संगमरवरी फरशी अशी. तीच फरशी जानेवारीत पाय गोठवते.

म्हणून एकटं माणूस तासभर टेबलाशी बसून काम करणार असेल, तर 800 वॅटचा रॉड बरा. पाऊण युनिटाच्या थोड्या वर खर्च, आणि शेक पहिल्या मिनिटापासून. तिथे 2,000 वॅटचा ऑइल हीटर लावला तर तासाला दोन युनिट जातील आणि खोली कुठे बरी वाटायला लागेल तोवर उठायची वेळ होईल. रात्रभराचा हिशेब उलटा. दार बंद, चार माणसं झोपलेली, तापमान एकसारखं हवं. खोली तापली की ऑइल हीटरचा थर्मोस्टॅट 'टिक' आवाज करून कॉइल बंद करतो, गारवा वाढला की परत चालू. आठ तासांत निम्मा वेळ बंद राहिला तर आठ युनिट. रॉडचे आठ तासांचे 6.4 युनिट कागदावर कमी दिसतात, पण रॉड लावून झोपायचं नाही, काही झालं तरी नाही. कूस बदलताना घसरलेली रजई त्या जाळीवर पडली की पुढचं सांगायला नको. मी स्वतः एकदा ओले मोजे त्या जाळीवर वाळत घातले होते. फोन घ्यायला आतल्या खोलीत गेले, परत आले तर लोकरीचा जळका वास आणि टाचेच्या जागी रुपयाएवढं तपकिरी भोक.

(विजेच्या या हिशेबाला अपवाद एकच, हॉट अँड कोल्ड एसी. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उचलून आत आणतो, त्यामुळे दिल्लीच्या थंडीत एका युनिटला साधारण तीन युनिटांइतकी उष्णता देऊ शकतो. तो वेगळाच प्रकार आहे.)

रॉड खोलीतला ऑक्सिजन खातो, असं पुष्कळजण सांगतात. खात नाही. तिथे काही जळतच नाही. हवा कोरडी होते हे मात्र खरं, पण दोन्ही हीटरनी होते. सात अंशांची नव्वद टक्के दमट हवा वीस अंशांपर्यंत तापवली की तिचीच सापेक्ष आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास येते. पाणी तेवढंच असतं, गरम हवेची तहान वाढलेली असते. रॉडसमोर चेहरा थेट किरणांत असतो म्हणून कातडी जास्त ओढल्यासारखी वाटते, इतकाच फरक. खोलीत पसरट भांड्यात पाणी ठेवलं की बरं पडतं.

ऑक्सिजनची भीती खरी आहे ती निखाऱ्यांच्या बाबतीत. आईच्या मनात शेकशेगडी होती. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक देतात, वर ओवा-वावडिंगाची धुरी. गावच्या कौलारू घरात धूर फटींतून निघून जायचा. दिल्लीच्या फ्लॅटमध्ये थंडीसाठी आणि बाहेरच्या प्रदूषणासाठी खिडक्या बंद केलेल्या असतात. तिथे निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या अंगीठीने अशी कुटुंबं गेल्याच्या बातम्या येतात. आईला मी त्यातली एक वाचून दाखवली. तिने शेगडीचा विषय पुन्हा काढला नाही.

ऑइल हीटरचा धोका वेगळा, प्लगपाशी असतो. 2,000 वॅट म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर, 2,500 वॅट म्हणजे अकरा. याला जाड पिनांचा, भिंतीतला 16 अँपिअरचा सॉकेट लागतो. मोबाइल चार्ज करायच्या एक्स्टेंशन बोर्डवर तो लावला की वायर मऊ पडते, पिना हाताला चटका देतात आणि प्लास्टिकचा वास सुटतो. तासाभराने एकदा प्लगला हात लावून बघायची सवय ठेवा. हीटर आडवा करून चालवू नका, कॉइल तेलाबाहेर राहते. पत्रे लाल नाहीत म्हणून त्यांवर टॉवेल झाकायचा नाही.

बाळ आलं तेव्हा त्याच्या खोलीत ऑइल हीटर राहिला, पलंगापासून लांब, काटा मध्यावर. आंघोळीच्या आधी अर्धा तास खोली बंद करून तापवायची, मग मालिश. तान्ह्याची कातडी रॉडच्या शेकासाठी फार नाजूक असते; त्याला ऊबच हवी.

मार्चमध्ये परत जाताना आईने विचारलं, साताऱ्याला कुठला घेऊ? ती पहाटे साडेपाचला देवघरासमोर जपाला बसते, तास-दीड तास, एकटी, आणि मधलं दार उघडंच असतं. तिला मी 800 वॅटचा रॉड घेऊन दिला. हीटर दोन हात लांब, पदर कमरेला खोचलेला, आणि उठताना आधी बटण बंद. पुढच्या डिसेंबरात फोनवर म्हणाली, "हा बघ कसा लगेच लाल होतो. तो तुझा मुका हीटर बाळापाशीच राहू दे."