सीएनसी राउटर : टूलपाथ आणि पोस्ट प्रोसेसर

संगणकावरच्या रेखाकृतीप्रमाणे लाकूड, प्लाय, एमडीएफ, ॲक्रिलिक किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा कापणारे यंत्र म्हणजे सीएनसी राउटर. त्याचा कटर कुठून, किती खोलीवरून आणि किती वेगाने जाईल हे टूलपाथ ठरवतो. हा मार्ग एका विशिष्ट यंत्राच्या कंट्रोलरला (यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकाला) कळेल अशा जी-कोडमध्ये, म्हणजे आज्ञांच्या भाषेत, उतरवण्याचे काम पोस्ट प्रोसेसर करतो. कामाला लागणारा वेळ, कडेची सफाई आणि बिटाचे (कटरचे) आयुष्य हे तिन्ही या दोन गोष्टींवर ठरते. महागडे यंत्र घेऊन त्यांच्याकडे दुर्लक्ष केले, तर यंत्राची किंमत वसूल होत नाही.

ही विभागणी जुनी आहे. अमेरिकेत एमआयटीच्या सर्वोमेकॅनिझम्स प्रयोगशाळेने १९५२ मध्ये संख्यात्मक नियंत्रणावर चालणारे मिलिंग यंत्र दाखवले. त्याच दशकात डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली एपीटी ही यंत्राला आज्ञा देण्याची संगणकभाषा तयार झाली. तिच्यातून आधी कटरच्या स्थानांची यादी निघे आणि ती प्रत्येक यंत्रासाठी वेगळी रूपांतरित करावी लागे. पुढे आरएस-२७४-डी आणि आयएसओ ६९८३ ही जी-कोडची मानके आली, तरी प्रत्येक कंट्रोलरची बोली वेगळीच राहिली. त्यामुळे पोस्ट प्रोसेसरची गरज आजही संपलेली नाही.

टूलपाथची सुरुवात फीडच्या, म्हणजे कटर पुढे सरकण्याच्या वेगाच्या, हिशोबाने होते. स्पिंडलचे (बिट फिरवणाऱ्या मोटरचे) फेरे, बिटाच्या धारांची संख्या आणि प्रत्येक धारेने काढायच्या सालीची जाडी यांचा गुणाकार म्हणजे फीड. एमडीएफवर ६ मिमीचे दोन धारांचे बिट मिनिटाला १८,००० फेऱ्यांनी फिरत असेल आणि साल ०.२ मिमी हवी असेल, तर फीड मिनिटाला ७,२०० मिमी येते. भीतीपोटी तेच १,५०० ठेवले, तर साल जेमतेम ०.०४ मिमी निघते. अशा वेळी धार कापण्याऐवजी घासते, कड काळी पडते आणि बिट लवकर बोथट होते. यंत्राच्या सांगाड्याला एवढे फीड झेपत नसेल, तर फेरे कमी करावेत किंवा एका धारेचे बिट लावावे.

मात्र ठरवलेले फीड प्रत्यक्षात मिळेलच असे नाही. यंत्राचे त्वरण सेकंद वर्गाला ५०० मिमी असेल, तर मिनिटाला ६,००० मिमी हा वेग गाठायलाच १० मिमी अंतर लागते आणि थांबायला आणखी १०. देव्हाऱ्याच्या जाळीसारख्या बारीक नक्षीत इतकी सरळ रेषा क्वचितच असते. तिथे फीडचा आकडा दुप्पट केला तरी घड्याळात फारसा फरक दिसत नाही. फरक पडतो तो मार्ग सुधारल्याने. डिझाइनमधली स्प्लाइन (मुक्त आकाराची) वक्रे शेकडो इवल्या रेषांमध्ये मोडून येतात. ग्रबलसारख्या सॉफ्टवेअरवर चालणारा छोटा कंट्रोलर पुढच्या सोळाएक हालचालींचाच विचार करू शकतो, म्हणून अशा तुकड्यांवर यंत्र अडखळत चालते. या रेषांच्या जागी जी२ आणि जी३ या आज्ञांचे कंस (वर्तुळाचे तुकडे) बसवले की फाइल आटोपशीर होते आणि चाल सलग राहते. एका आकारावरून दुसऱ्याकडे जाताना कटर शीटच्या ५० मिमी वर नेण्याचेही कारण नसते. क्लॅम्प वाटेत नसतील तर ५ मिमी पुरतात, आणि जाळीत भोके शेकड्यांनी असल्याने वेळ बराच वाचतो.

आतली भोके आधी आणि बाहेरची कड शेवटी कापावी, नाहीतर सुटलेला तुकडा सरकतो. लहान तुकड्यांना टॅब (न कापता सोडलेले छोटे जोड) ठेवतात किंवा तळाशी अर्धा मिमी थर राखून तो शेवटच्या फेरीत कापतात. बिट सरळ खाली घुसवण्यापेक्षा उतरत्या चालीने आत नेलेले चांगले. सनमायका लावलेल्या प्लायला कॉम्प्रेशन बिट (वरचा भाग भुसा खाली आणि खालचा भाग वर ढकलणारे) उत्तम. मात्र त्याची पहिलीच फेरी खालच्या, भुसा वर ओढणाऱ्या भागापेक्षा खोल हवी. तसे नसेल तर वरचा थर उचकटतो.

पोस्ट प्रोसेसर बहुतेक वेळा यादीतून नाव निवडून मोकळे होण्याची गोष्ट समजली जाते. नुकसान तिथेच होते, कारण कॅममधले, म्हणजे टूलपाथ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधले, सिम्युलेशन सहसा पोस्टच्या आधीचा मार्ग दाखवते आणि पोस्टची चूक पडद्यावर दिसतच नाही. जी४ या थांब्याच्या आज्ञेचेच पाहा. ग्रबल आणि लिनक्ससीएनसी या कंट्रोलरांमध्ये तिच्यापुढचा पी५ म्हणजे ५ सेकंद, तर फॅनक कंट्रोलरमध्ये ५ मिलिसेकंद. स्पिंडलला पूर्ण वेग पकडायला काही सेकंद लागतात. ते न मिळाल्यास बिट अर्धवट वेगातच लाकडात घुसते आणि मोडते. उलट फॅनकच्या सवयीने लिहिलेला पी५००० ग्रबलवर यंत्राला सुमारे ८३ मिनिटे उभे ठेवील. कंसाचे केंद्र आरंभबिंदूपासून मोजायचे की शून्यापासून, यात गफलत झाली तर शीटभर मोठे चुकीचे वर्तुळ फिरते किंवा कंट्रोलर चूक दाखवून थांबतो. ग्रबलला टूल बदलण्याचा एम६ आणि ड्रिलिंगचा जी८१ समजत नाही. म्हणून त्याच्या पोस्टने प्रत्येक भोक जी० (झपाट्याची हालचाल) आणि जी१ (कापण्याची सरळ चाल) मध्ये सुटे करून लिहावे लागते आणि प्रत्येक बिटाची फाइल वेगळी काढावी लागते.

फ्यूजन या कॅम सॉफ्टवेअरच्या पोस्ट फाइली जावास्क्रिप्टमध्ये असतात, तर व्हेक्ट्रिक या दुसऱ्याच्या साध्या मजकुरात. दोन्ही उघडून बदलता येतात. मूळ प्रत राखून, यंत्राचे नाव देऊन बदल करावेत. मग निघालेल्या फाइलच्या पहिल्या वीसेक ओळी वाचाव्यात : मिमीसाठी जी२१ आहे का, स्पिंडल कापण्याआधी सुरू होतो का, पहिली हालचाल झेड (उभा अक्ष) वर उचलण्याची आहे का. त्यानंतर झेडचे शून्य शीटच्या बरेच वर धरून एकदा हवेत चालवून पाहावे.

शेवटच्या ओळींनाही तेवढेच महत्त्व आहे. कटर आधी वर जावा, तोही जी५३ ने यंत्राच्या स्वतःच्या निर्देशांकांत, कारण कामाचे शून्य दर शीटला बदलते. ग्रबलमध्ये होमिंगनंतर (यंत्राने आपले मूळ स्थान शोधल्यावर) ‘जी५३ जी० झेड-५’ ही आज्ञा कटर लिमिट स्विचला (हालचालीच्या टोकाच्या स्विचला) न लागता वर ठेवते. त्यानंतर एम५ ने स्पिंडल थांबतो आणि गॅन्ट्री (कटर धरणारी आडवी कमान) मागे जाते, म्हणजे आठ बाय चार फुटांची शीट समोरून उचलता येते.