फ्रॅपेचा प्रोग्रॅमर नेमताय? आधी हे वाचा
(ईआरपीनेक्स्ट, म्हणजे कारखान्याची बिलं, स्टॉक आणि हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीतल्या आमच्या ग्राहकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "प्रत्येक बारक्या बदलाला तुम्हाला फोन करायचा, त्यापेक्षा आमचाच एक माणूस ठेवला तर?"

ठेवा. आमचं बिल कमी होईल, तरीही ठेवा म्हणतो. पण "फ्रॅपेचा पाच वर्षांचा अनुभव" अशी जाहिरात देऊन वाट बघत बसू नका. कोल्हापुरात असा माणूस सहज सापडत नाही, आणि सापडलाच तर पुण्यात बसून काम करीन म्हणतो.

मग शोधायचं कुणाला?

ईआरपीनेक्स्ट ज्या सांगाड्यावर उभं आहे तो फ्रॅपे. तो मुंबईत तयार झाला. आत पायथन आणि जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषा आहेत, आणि डेटा सहसा मारियाडीबी नावाच्या डेटाबेसमध्ये असतो. ईआरपीनेक्स्ट आणि फ्रॅपे दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, त्यामुळे लायसन्सचे पैसे पडत नाहीत. खर्च होतो तो माणसावर. कॉलेजातून पोरं पायथन शिकून येतात, फ्रॅपे मात्र बहुतेकजण कामावरच शिकतात. म्हणून ज्याचं पायथन आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) पक्कं आहे आणि जो विचारायला लाजत नाही, असा पोरगा घ्या. आमच्याकडे अशी पोरं दोन-तीन महिन्यांत हाताशी येतात. नुसतं फ्रॅपेचं नाव बायोडाटात लिहिलेली सगळीच येतात असं नाही.

मुलाखतीत एवढं नक्की विचारा

"सबमिट झालेलं बिल चुकलंय. कसं दुरुस्त करशील?"

बरोबर उत्तर: बिल कॅन्सल करायचं, अमेंड करून नवीन काढायचं. "डेटाबेसमध्ये जाऊन आकडा बदलतो, दोन मिनिटांचं काम" असं म्हणाला, तर चहा पाजून निरोप द्या. बिल सबमिट होताना खतावणीत, आणि माल हलला असेल तर स्टॉकच्या लेजरमध्येही, वेगळ्या नोंदी पडतात. बिलाच्या टेबलात आकडा बदलला तरी त्या नोंदी जुन्याच राहतात. मार्चअखेरीला सीएसाहेब विचारतात, बिलात एक आणि लेजरला एक कसं?

दुसरं, त्याला एक काम करून दाखवायला सांगा. भट्टीच्या हीटचा (एका वेळच्या वितळणीचा) फॉर्म, म्हणजे फ्रॅपेच्या भाषेत डॉकटाइप, करायला लावा: हीट नंबर, पिग आयर्न, भंगार, ओतलेले नग, रिजेक्शन. रिजेक्शन ओतलेल्या नगांपेक्षा जास्त भरता येऊ नये, ही अट घालायला सांगा. अट तो कुठे लिहितो ते आमच्या माणसाला बघू द्या. स्वतःच्या वेगळ्या अॅपमध्ये लिहिली तर उत्तम. ईआरपीनेक्स्टच्या मूळ फाइलमध्ये घुसून लिहिली तर पुढचं अपडेट तरी अडतं, नाहीतर त्याने केलेलं पुसून तरी जातं. आमच्याकडे आलेला एक कारखाना याच पायी जुन्या आवृत्तीवर अडकला होता. आधीच्या माणसाने मूळ फाइलींत कुठे कुठे हात घातलाय, हे शोधण्यातच आमचे तीन आठवडे गेले.

आधी शॉपफ्लोअरवर उभं करा

पहिला आठवडा लॅपटॉप बंद. त्याला फेटलिंगला, म्हणजे ओतलेले नग घासून साफ करतात तिथे, उभा करा. 100 नग गेले, 96 आले, तर चार कुठे गेले हे त्याने स्वतः बघितलं पाहिजे. रिजेक्ट नग पुन्हा भट्टीत जातो, म्हणजे नगाचा हिशोब आता किलोत आला. हे कुठल्याही व्हिडिओत शिकवत नाहीत. जॉबवर्कचं चलनही त्याला समजावून सांगा. बाहेर दुसऱ्याकडे मशिनिंगला पाठवलेला माल एका वर्षात परत आला नाही, तर जीएसटीत तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरतात आणि कर भरावा लागतो. ते कळलेला पोरगा अकरा महिने झालेल्या चलनांची यादी न सांगता काढून देतो.

किल्ल्या मालकाकडे

सर्व्हर आणि डोमेन कंपनीच्या नावावर घ्या, कोड कंपनीच्या खात्यात ठेवा. प्रोग्रॅमरच्या खासगी ईमेलवर काहीही नको. पोरगा चांगला असेल तर कधीतरी हिंजवडीला जाणारच, त्याचा राग धरू नका. तीन महिन्यांतून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून दाखव म्हणा. डेटाबेससोबत साइटची कॉन्फिग फाइलही जपली आहे का ते विचारा. त्यातली एन्क्रिप्शन की हरवली, तर ईमेल वगैरेचे साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत.

आम्ही काय करतो

मुलाखतीला आमचा एक माणूस बसतो, त्याचे पैसे घेत नाही. नेमलेल्या पोराला आमच्या ऑफिसात शिकवतो, त्याचे घेतो. पगार किती द्यावा हे विचारू नका, ते तुमचं तुम्ही ठरवा. येताना गेल्या महिन्यातलं एक जॉबवर्क चलन आणि रिजेक्शनचं रजिस्टर तेवढं घेऊन या. वही फाटकी असली तरी चालेल.